इंजिनाचा दिवा आणि बाबांचे कान

गाडीची चावी अर्धी फिरवली की समोरचे सगळे दिवे क्षणभर लागतात. ऑइलचा, बॅटरीचा, हॅन्डब्रेकचा. बाबांच्या गाडीत इंजिनाचा तेवढा लागत नव्हता. हे लक्षात आल्यावर मी घाबरले. बाबा मात्र निवांत होते.

"लागत न्हाय म्हणजे बिघाड न्हाय," ते म्हणाले. इतकं सुटसुटीत तर्कशास्त्र मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

दर गुरुवारी ते आईला अंजूरहून ठाण्याला फिजिओथेरपीसाठी नेत. रिक्षाचे धक्के तिच्या कमरेला सोसत नाहीत, आणि बाबांशिवाय दुसऱ्या कुणाच्या शेजारी ती बसत नाही. कशेळीच्या पुलावर दोन कंटेनरांमध्ये गाडी बंद पडली तर? मी निर्वाणीचं सांगितलं: दिवा दुरुस्त होईपर्यंत गाडी दारात उभी राहील.

आधी आम्ही एका चकचकीत सर्व्हिस सेंटरला गेलो. टाय लावलेल्या तरुणानं कॉफी दिली, बाबांना तीनदा 'सर' म्हटलं आणि गाडीकडे न बघता अख्खं मीटर बदलायला सांगितलं. अनुभव कसा वाटला हे विचारणारा फॉर्मही दिला. अनुभव अजून यायचा होता.

मग भिवंडीतला बाबांचा नेहमीचा मेकॅनिक. त्यानं स्कॅनर जोडला. "गाडी तो बोल रही है, चाचा. बिघाडाचा कोड दाखवतेय. दिवाच मुका झालाय."

मीटर उघडून त्यानं मागचा छोटा बल्ब काढला. बल्ब शाबूत होता. त्याच्यावर काळी टेप गुंडाळलेली होती. कडा सरळ कापलेल्या, एकही सुरकुती नाही.

"किसी उस्ताद का काम है," मेकॅनिक म्हणाला. बाबा गॅरेजच्या पत्र्याकडे बघू लागले.

बाबांची उमेदीची सगळी वर्षं लूमवर जॉबर म्हणून, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करण्यात गेली. धागा तुटला की माग थांबवणारी एक तार असते. ती उगाचच माग थांबवायला लागली, की बाबा ती बांधून ठेवत आणि स्वतः कान देऊन उभे राहत. दिव्याचंही त्यांनी तेच केलं होतं.

"तो लागला की तुझी आई गाडीतून उतरायला बघायची," ते म्हणाले. "मी रोज ऐकतो ना इंजिन."

मेकॅनिकनं बॉनेट उघडून गाडी चालू केली. मलासुद्धा ऐकू आलं: इंजिन अडखळत होतं, लंगड्या माणसासारखं.

"एक सिलेंडर मिस मारतोय, चाचा."

बाबांनी मान कलती केली. "कुठं? बरोबर हाय."

मेकॅनिकनं फडक्यानं बाबांचा हात पुसला आणि अलगद इंजिनावर ठेवला. बाबांनी डोळे मिटले.

"हाय," बऱ्याच वेळानं ते म्हणाले. "एक मेलंय."

आमच्या घरात सगळे मोठ्यानं बोलतात. मी तो आजवर आमचा स्वभाव समजत होते.

प्लग बदलला, टेप निघाली, दिवा लागून विझला. समोरच्या टपरीवर चहा घेताना बाबा म्हणाले, "आईला सांगू नको."

"टेपचं?"

"कानाचं."

"बाबा, तिला ठाऊक आहे. मागून हॉर्न वाजला की ती तुमच्या गुडघ्याला हात लावते. ते कशासाठी?"

बाबांनी कप खाली ठेवला. "मला वाटलं, उगाच लावते."

मला हसू आवरलं नाही, मग त्यांनाही. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "ऐकायचं मशीन ठाण्याला मिळतं?"

"मिळतं."

"मग गुरुवारी तेही बघू." त्यांनी खिशातून चावी काढून माझ्या हातावर ठेवली. "तोवर तू चालव."

"आणि आई? ती बसेल माझ्या शेजारी?"

"तिला मागं बसव," बाबा म्हणाले. "मी बसतो तिच्याजवळ."