फोटोवरून सांगितलेलं औषध

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, नर्सरीत एआय आलंय ना, मग तू त्याच्यावर एवढी का चिडतेस?" तेव्हा मी हसून विषय बदलला. पण तुमचा काका आता शिरूरला दुसरी नर्सरी काढतोय, आणि तिथे शेतकऱ्यांना सगळी उत्तरं एआयनंच द्यावीत असं त्याच्या मनात होतं. ते का बदललं, हे तो सांगेल तेव्हा माझी चूक गाळून सांगेल. म्हणून मीच लिहिते.

खुटबावच्या आपल्या नर्सरीत मिरची, टोमॅटो, वांग्याची रोपं तयार होतात. दिवसभर मेसेज येतात आणि तुमच्या काकूचे हात मातीत असतात. काकानं उत्तरं लिहायचं काम एआयला दिलं, तेव्हा मी अट घातली, की मी वाचल्याशिवाय एकही उत्तर जाणार नाही. दौंडच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, तपासायची सवय होतीच. रोज सकाळी दहा वाजता चष्मा लावून बसायचे.

संशय पहिल्या दिवसापासून होता. माणसाला खात्री नसली की तो जरा थांबतो, "बघून सांगतो" म्हणतो. हे एआय कधी थांबायचंच नाही.

राहू गावच्या एका आप्पांनी मिरचीच्या पिवळ्या, मलूल पानांचा फोटो पाठवला. ते आपले जुने गिऱ्हाईक, आणि एक एकर मिरची हेच त्यांचं यंदाचं पीक. एआयनं लिहिलं की हे पानांतला रस शोषणारे फुलकिडे आहेत, अमुक औषध फवारा. उत्तर इतकं नीटनेटकं होतं की मी ते पाठवून दिलं. इतकी संशयी मी, पण भाषा तपासली आणि मजकूर तसाच सोडला.

दोन दिवसांनी आप्पा मोटारसायकलवरून आले. औषध घ्यायला निघाले होते, पण ओल्या गोणपाटात मातीसकट एक रोपही बांधून आणलं होतं.

"बाई, पोरीचं लगीन बी आमी नुसत्या फोटोवर न्हाई जमवलं," ते म्हणाले, "आन् तुमी मिरचीचं दुखणं फोटोवर ठरीवता व्हय?"

मी काकूला हाक मारली. काकूनं रोप नळाखाली धरून मुळं धुतली. तपकिरी, बुळबुळीत, वास मारणारी.

"आप्पा, पाणी किती देता?"

"रोज. मलूल दिसतंय म्हून जरा जास्तीच."

"उताराकडच्या सऱ्यांत साचतंय का?"

"साचतंय की. पर त्या मेसेजात पाण्याचं कुठं काय हुतं?"

काळ्या जमिनीत पाणी तुंबून मुळं कुजत होती. काकूनं ठिबक लगेच बंद करायला आणि पाणी काढायला चर खणायला सांगितलं. पानं पाहून काय होतं? आपल्याकडे आधी मूळ बघतात, पाणी विचारतात, मगच औषधाचं नाव काढतात. ते दोन दिवस माझ्यामुळे गेले, हे मी आप्पांना तिथेच सांगितलं. ते म्हणाले, "बाई, तुमी वाचलं तरी. आमचा थोरला तर न वाचताच फवाऱ्याच्या पंपात पाणी भरून औषधाची वाट बघत बसला हुता."

काकानं मुळांचा फोटो एआयला दाखवून विचारलं, ही मूळकूज का? लगेच उत्तर आलं, अगदी बरोबर, ही मूळकूजच आहे. दोन दिवसांपूर्वी फुलकिड्यांबद्दलही त्याला एवढीच खात्री होती! मला वाटतं, काकाचं मन तिथेच फिरलं.

आता रोपं कधी तयार होतील, गाडी कधी निघेल, असली उत्तरं एआय लिहितं. परप्रांतातून आलेल्या कामगारांसाठी काकूच्या सूचना हिंदीत करून देतं, ते काम मात्र छान करतं. रोगट पानाचा फोटो आला की शेतकऱ्याला एकच उत्तर जातं, रोप मुळासकट घेऊन या. शिरूरलाही मुळं ओळखणारी एक बाई बसेल, हे काकानं कबूल केलंय. तो शब्द पाळतो का, यावर माझं लक्ष आहे.

गेल्या आठवड्यात मी राहूला जाऊन आले. उताराकडच्या सहा सऱ्या गेल्या. बाकीची मिरची उभी आहे, आणि तिला फुलं आली आहेत.