मागच्या बाकावरचे मुख्याध्यापक

मुख्याध्यापक दारात आले तेव्हा माझी नववीची पोरं भांडत होती. भांडण ठिबक सिंचनाच्या नळीवरून होतं. आमच्या शाळेतली बरीच मुलं भाजीपाला पिकवणाऱ्या घरांतली, त्यांच्या घरची वांगी-कोबी साखरखेर्ड्याच्या बाजारात जातात. मी विचारलं होतं, पहिल्या झाडापाशी पाणी भरभर पडतं आणि शेवटच्या झाडापाशी हळू, असं का?

"शेवटपावतर जाता जाता पाणी दमून जाते," एक मुलगा म्हणाला.

"दमाले का ते बैल हाये बे?" मागून एक मुलगी उठली. "नळीले घासत घासत जाते ते. जोर कमी होते त्याचा."

'घर्षण' आणि 'दाब' हे शब्द फळ्यावर लिहायची वेळ झाली होती. मी खडू उचलला आणि दारातून आवाज आला, "वर्ग आहे की आठवडी बाजार?"

ते आत आले नाहीत. तेवढं बोलून गेले. पुढच्या स्टाफ मीटिंगमध्ये मात्र माझ्यावरचा शेरा त्यांनी सगळ्यांसमोर सावकाश वाचला. वर्ग बेशिस्त, भाषा गावंढळ, अभ्यासक्रम पुढे सरकत नाही. वर म्हणाले, "बाईंची वडनेरकडची सवय अजून गेलेली नाही." माझं माहेर वडनेर भोलजी. हे स्वतः डोणगावच्या बाजूचे, पण शहरात शिकताना बोली धुऊन टाकून आलेले.

माझी नववी गेली. ती त्यांनी स्वतःकडे घेतली आणि मला पाचवी नि कार्यानुभव दिला. वर्षभर मी मुलांकडून कागदी फुलं करून घेतली. समोरच्या वर्गातून त्यांचं व्याख्या सांगणं ऐकू यायचं, मध्ये स्वल्पविरामसुद्धा. घरी भाकरी थापताना मी त्यांना काय काय बोलेन ते मनात जुळवत असे. एकही वाक्य पुरेसं लागत नव्हतं.

पुढच्या जूनमध्ये वरून सूचना आली. शिक्षकांनी एकमेकांचे पाठ पाहायचे, एकत्र बसून बोलायचं आणि जे दिसेल त्यावरून शाळेचं वर्षाचं नियोजन बदलायचं. शिक्षकाचं मूल्यमापन आणि अभ्यासक्रमाचं काम यापुढे वेगळं ठेवायचं नाही.

"आणखी एक कागदी काम," मुख्याध्यापक म्हणाले. "बाई, तुम्हीच बघा. तुम्हाला वेळ असतो."

मी मराठीच्या ज्येष्ठ सरांकडे गेले. त्यांच्या कवितावाचनाला मुख्याध्यापक कीर्तन म्हणत. शाळा सुटल्यावर बसून आम्ही पद्धत ठरवली. पाठ झाला की शिक्षकाला काही विचारायचं नाही, मुलांना त्यांच्याच बोलीत विचारायचं. त्यांना जे सांगता येणार नाही, तो घटक सगळ्यांनी मिळून नव्याने मांडायचा. आणि यातून कुणालाही सूट नाही.

"नियम चांगले हायेत बाई," सर म्हणाले. "पण तुमच्या डोयात मले काही वेगळंच दिसून राह्यलं."

"दिसू द्या," मी म्हटलं.

मुख्याध्यापकांना ती पद्धत इतकी आवडली, की भेटीला आलेल्या अधिकाऱ्यांपुढे त्यांनी ती स्वतःची म्हणून सांगितली. आता त्यांना माघार घेता येणार नव्हती.

पहिला पाठ मी माझाच ठेवला. मागे बसणाऱ्या गप्प मुली माझ्या तासाला बोलतच नाहीत, असं निघालं. खरं होतं ते, आणि लागलंही. मग इतरांचे पाठ झाले. भूगोलाच्या सरांचा नकाशाचा पाठ फसला, तेव्हा आम्ही तो गावाच्या शिवारापासून सुरू करायचं ठरवलं. दिवाळीपर्यंत स्टाफरूममध्ये बदल्यांऐवजी पाठांबद्दल बोलणं होऊ लागलं. हे मी धरून चालले नव्हते. बरं वाटलं, पण माझा राग त्याने कमी झाला नाही.

दिवाळीनंतर मुख्याध्यापकांची पाळी आली. नववीचा दाबाचा घटक ज्या दिवशी होता, तोच दिवस मी निवडला. आम्ही सगळे मागे बसलो. त्यांनी व्याख्या सांगितली, मुलांनी उतरवली. मग मराठीच्या सरांनी एका मुलीला विचारलं, "दाब म्हणजे काय, सांग बरं."

"एकक क्षेत्रफळावर लंब दिशेने लागणारे बल म्हणजे दाब," ती एका दमात म्हणाली.

"मंग ठिबकच्या शेवटच्या झाडाले पाणी हळू काऊन जाते?"

तिने वहीची पानं उलटून पाहिली. "ते आमच्या वहीत नाही सर."

बाकीच्यांनाही सांगता आलं नाही.

मीटिंगमध्ये मी शेरा वाचला, त्यांनी माझा वाचला होता तितक्याच सावकाश. "वर्ग अगदी शांत होता. व्याख्या सर्वांना पाठ आहे. अर्थ कुणालाही सांगता आला नाही."

"मुलंच कच्ची आहेत," ते म्हणाले.

"सर, दुसऱ्या कुणाच्या वेळेस आपण हे कारण ऐकून घेतलं नाही," मराठीचे सर म्हणाले.

तो घटक नव्याने मांडायचं ठरलं. नववीच्या एका तुकडीला तो मी शिकवायचा, मुख्याध्यापकांनी पूर्ण वेळ मागे बसून पाहायचा आणि मग दुसऱ्या तुकडीला शिकवायचा. संमतीचा पहिला हात भूगोलाच्या सरांनी वर केला.

ते बसले. बाक लहान, गुडघे मावेनात. मी ठिबकचा प्रश्न टाकला आणि वर्ग उसळला. तो गोंगाट मी चांगला चढू दिला. मग मी म्हटलं, "सर, तुमच्याही शेतात ठिबक आहे ना? तुम्हाला काय वाटतं?"

सगळी मुलं वळली. ते उठून उभे राहिले. "घर्षण होतं," ते म्हणाले आणि थोडं अडखळले. "शेवटपावतर जोर नाही राह्यत पाण्याले."

वर्ग हसला. मला ते हसू थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही.

नवीन वर्षाच्या वेळापत्रकात त्यांनी आपणहून नववी माझ्या नावावर लिहिली. त्यानंतर वर्षभरात ते निवृत्त झाले. निरोप समारंभ झाल्यावर व्हरांड्यात आम्ही दोघंच होतो.

"बाई, ते सगळं मला खाली बसवायला केलं ना तुम्ही?"

"हाव सर."

"पण पद्धत चांगली निघाली."

"चांगली नसती तर तुम्ही बसला नसता."

गळ्यातला हार काढून त्यांनी कठड्यावर ठेवला. मी नमस्कार केला आणि वर्गाकडे वळले. माझा तास सुरू व्हायचा होता.