निळा ठिपका

आमच्या प्रयोगशाळेतल्या कॅमेऱ्याला माणसाची ऊब दिसते. पडद्यावर ऊब लाल दिसते, गारवा निळा. मन धास्तावलं की नाकाचं टोक आणि बोटं गार पडतात.

बाबा गेल्यापासून घरातच बसून असलेल्या आईला मी एकदा तिथं घेऊन गेले. कॅमेऱ्यासमोर बसवून विचारलं, "बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय!" ती हसली. पडद्यावर तिचं नाक निळं होत गेलं.

आरशात पाहावं तसं तिनं पडद्यात पाहिलं आणि कुंकू लावायच्या जुन्या सवयीनं रिकाम्या कपाळावर बोट टेकवलं. लाल कपाळावर निळा, गोल ठिपका उमटला. माणूस गेल्याची बातमी बोटांपर्यंत कधी पोचत असेल?

ठिपका हळूहळू विरून गेला. आईनं पुन्हा बोट टेकवलं.