अलिप्त राष्ट्र, ॲन आर्बर

आख्ख्या मिशिगनमध्ये स्वतःचं स्वतंत्र परराष्ट्र धोरण असलेला एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे आमच्या ह्यांचा मावसभाऊ. मी त्यांना भावजी म्हणायची. तरुणपणी ते धरणाच्या कामावर आफ्रिकेतल्या एका नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशात राहून आले होते. जुने राज्यकर्ते गेले, आणि त्यांची पाठ वळते न वळते तोच रशिया नि अमेरिका मदतीची ताटं घेऊन दारात हजर! ह्यानं दवाखाना दिला की त्यानं गहू द्यायचा, त्यानं रस्ता बांधला की ह्यानं ट्रॅक्टर पाठवायचे. तिथला मंत्री म्हणे रशियनांना एका खोलीत बसवी, अमेरिकनांना दुसऱ्या, आणि एकाच किटलीतला चहा पाजून दोघांनाही "बघतो" एवढंच सांगे. भावजी त्या मंत्र्यावर इतके खूश, की ॲन आर्बरला घर घेतलं तरी वागणं त्याच्यासारखंच. दूध एका आठवड्यात ह्या दुकानातून, पुढच्या आठवड्यात त्या; कुणी आपल्याला गृहीत धरता कामा नये. बँकेनं नव्या खात्यावर टोस्टर फुकट देऊ केला, तर हे खातंच न उघडता परत आले. मला म्हणाले, "वहिनी, आज टोस्टर देतील, उद्या आरमारी तळ मागतील." आता ह्यांच्या घरामागे एक डबकं सुद्धा नाही, आरमार कुठे ठेवणार, मला सांगा! मी साखरभात नेला तरी झाकण उघडायच्या आधी विचारायचे, "अटी काय?"

हे सगळं थट्टेवारीत चालायचं, पण आमच्या मराठी मंडळात भांडण लागलं आणि भावजी खरोखरच महत्त्वाचं राष्ट्र होऊन बसले. गणपती तिथीला बसवायचा की वीकएंडला, ह्यावरून ते भांडण. तिथीवाल्यांच्या पुढारी एक डॉक्टरीणबाई, नागपूरच्या, आवाज खणखणीत. वीकएंडवाल्यांमध्ये आम्ही. दोघांनाही भावजी हवे होते, कारण गावात सगळ्यांत मोठं बेसमेंट त्यांचं, आणि पूजा तोंडपाठ असलेले तेवढे एकच. मग काय विचारता! डॉक्टरीणबाईंनी पुरणपोळ्या धाडल्या की आमचं श्रीखंड पोचलंच. बर्फ पडला की भावजींच्या दारात दोन्ही पक्षांचे नवरे फावडी घेऊन, एकमेकांशी न बोलता. भावजी सगळं घ्यायचे आणि सांगायचे, "बघतो." आमची जाऊ गेल्यापासून ते घर मुकं झालं होतं. आता रोज कुणीतरी बेल वाजवत होतं, फोन खणखणत होता, आणि भावजी इस्त्रीचा शर्ट घालून बसायला लागले होते. त्यांना ह्यातलं काही संपायला नकोय, हे मला दिसत होतं.

एका रविवारी मी आणि डॉक्टरीणबाई एकाच वेळी टपकलो. भावजींनी मला दिवाणखान्यात बसवलं, त्यांना स्वयंपाकघरात. मध्ये भिंत, पण आवाज नागपूरचा.

"देवाला शनिवारची अपॉइंटमेंट द्यायची का आता?"

मीही इकडून ओरडले, "मग मंगळवारी सुट्टी तुम्ही मागा आमच्या बॉसकडे!"

खाली बेसमेंटमध्ये आमच्या मुलींची नाचाची प्रॅक्टिस चालली होती. डॉक्टरीणबाईंची लेक वर आली आणि भावजींना म्हणाली, "काका, आई म्हणते नेक्स्ट वीकपासून आम्ही सेपरेट नाचायचं. बट व्हाय? स्टेप्स तर सेम आहेत."

भावजींनी हातातला चहाचा ट्रे खाली ठेवला. मग त्यांनी आम्हा दोघींना एका टेबलाशी बोलावलं. "स्थापना तिथीला, कार्यक्रम शनिवारी. जागा शाळेचा हॉल, माझं बेसमेंट नाही. पूजा मी कॅसेटवर भरून देतो. ज्याला करायची त्यानं करावी." बस्स. इतके महिने जे घोंगडं भिजत पडलं होतं, ते चहा निवायच्या आत वाळलं.

डॉक्टरीणबाई गेल्यावर मी म्हटलं, "भावजी, तुम्ही तुमच्याच पायावर धोंडा पाडून घेतलात हो. आता तुम्हाला कोण विचारणार?"

"कुणी नाही," ते म्हणाले. "पण वहिनी, मोठ्यांचं भांडण चालू ठेवून मजेत जेवणारा देश मी पाहिलाय. त्या मंत्र्याची पुढची गोष्ट मी कधी सांगितली नाही. रस्ते, दवाखाने झाल्यावर दोघांनी बंदुका पाठवल्या. आणि त्या चालल्या त्याच्याच अंगणात, त्याच्याच पोरांच्या हातून."

गणपती छान झाला. मुली एकत्र नाचल्या, कॅसेटही नीट वाजली. पुढे थंडी पडली, ज्याचा तो कामाला लागला. एका सकाळी मला उगीचच आठवण झाली म्हणून मी फोन केला. पहिली घंटा पुरती वाजायच्या आत भावजींनी उचलला.

"बोला वहिनी. काय काम काढलंत?"

"काही नाही हो. सहज."

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज झाला, आणि ते म्हणाले, "मग सावकाश बोला."