पिवळ्या रोपांचे तात्या

बारामतीच्या आमच्या कॉलेजच्या मागच्या बाजूला हिरव्या जाळीची एक शेड आहे. तिच्या दारात बबनतात्या सगळ्यांना चपला काढायला लावत. नुसत्या काढून भागायचं नाही, पाय धुवायचे, मग आत. एकदा प्राचार्य पाहुण्यांना घेऊन आले, तर हे त्यांच्यापुढेही तांब्या धरून उभे. "देवाबिवाचं कायबी न्हाय, सायेब. भायेरची माती आत नगं," एवढंच म्हणाले. पाहुण्यांनी मुकाट्याने मोजे काढले.

तात्या प्रयोगशाळेचे सहायक. कळसहून रोज एसटीने येत, "जयभीम, म्याडम" म्हणत आणि लगेच कामाला लागत. मुळं धुवावीत ती त्यांनीच. मेथीचं केसाएवढं मूळही तुटायचं नाही. मूळ निळ्या रंगात बुडवलं की त्यात राहणारी बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली धाग्यांसारखी दिसते. ती मला पहिल्यांदा त्यांनीच दाखवली. "ही मुळाची शेजारीण," ते म्हणाले. "झाडाकडनं साखर घेती, आन मुळाचा हात पोचत न्हाय तितनं अन्नपाणी आणून देती."

माझी पीएचडी याच शेजारणीवर होती. अंथुर्ण्यात रशिदाचाचींच्या रानालगत कुणीतरी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचं. भट्टी बंद झाली, शिसं मातीत राहिलं. चाचींचा प्रश्न सरळ होता, "हितं मेथी लावली तर लोकांनी खावी का न्हाय?" बुरशी ते शिसं मुळातच अडवते का, हे मला पाहायचं होतं. मी त्यांच्या रानातली माती वाफवून निर्जंतुक केली, निम्म्या कुंड्यांत बुरशी घातली, निम्म्या तशाच ठेवल्या. बिनबुरशीची रोपं खुरटली, पिवळी पडली. ती पडणारच होती.

पण पुढे तीही हिरवी झाली. पानं तपासली तर दोन्हीकडे शिसं सारखंच. म्हणजे बुरशीचा उपयोग शून्य, असं लिहायला मी बसलेच होते. सहज त्या कुंड्यांतली मुळं पाहिली, तर तिथेही निळे धागे.

माझे मार्गदर्शक सर भयंकर चिडले. वाफवताना माझीच हयगय झाली असणार, असं मी मान खाली घालून सांगून टाकलं. तेवढ्यात कोपऱ्यातून तात्या म्हणाले, "वाफ बराबर हुती, सर. माती म्या टाकली."

त्यांच्या निवृत्तीला सहा महिने उरले होते. गप्प राहिले असते तर कुणाला कळलंही नसतं.

"ती पिवळी रोपं बगवंनात मला. बाकीच्यास्नी समदं मिळतंय, ह्यांनीच काय घोडं मारलंय? बांधावरच्या मातीत शेजारीण असतीच, ती माती रुमालात आणली आन चिमूट चिमूट घातली."

अख्ख्या कॉलेजला पाय धुवायला लावणारा हा माणूस स्वतः खिशातून माती घेऊन येत होता. हसावं की रडावं कळेना. मी रडले. "तात्या, माझं वर्ष मातीत घातलंत," म्हणाले आणि आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. ते मात्र कुणी न सांगता नव्या कुंड्या घासत आणि माती वाफवत राहिले. सगळं तयार झाल्यावर त्यांनी शेडची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली.

"ही तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. पानं पिवळी पडली की माझा मलाच भरवसा न्हाय."

माझा राग तिथेच गेला. एवढा खरा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

दुसऱ्या खेपेला मी कुलूप उघडून देई आणि ते पिवळ्या कुंड्यांना तोंड फिरवून पाणी घालत. थोडं बाहेर सांडे. या वेळी फरक स्वच्छ दिसला. बुरशीने बरंच शिसं मुळातच धरून ठेवलं होतं. पानात कमी चढलं होतं, पण पान खावं इतकं कमी नाही. तोवर तात्या निवृत्त झाले होते, तरी चाचींना सांगायला माझ्याबरोबर आले.

"शेजारीण मूळ राखती, चाची. पानाची हमी देत न्हाय. मेथी नगं."

चाचींनी तिथे झेंडू लावला.

मागच्या वर्षी तात्या गेले. यंदा माझ्या नव्या प्रयोगात बिनबुरशीची रोपं पिवळी पडली. रोज पाय धुऊन आत जाते आणि ती बघते. परवा कुंपणाजवळच्या लिंबाखाली वाकून मी मूठभर काळी माती हातात घेतली, तेव्हा मी काय करायला निघालेय ते माझं मलाच कळलं. माती तिथेच टाकली, शेडला कुलूप लावलं आणि किल्ली शेजारच्या विभागातल्या बाईंकडे ठेवायला दिली.