पहिल्या सकाळी येणारी माणसं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे श्पार्गेल सोलणं. उन्हाळ्याच्या तोंडी इकडे ही पांढरी, बोटाएवढी जाड भाजी येते आणि सगळं न्युरेम्बर्ग तीच खात बसतं. मी साल जाड काढतो म्हणून उर्सुला कुरकुरली, "दत्ता, भाजी सोलतोयस का लाकूड तासतोयस?" मग जरा पडते म्हणाली... ती उठलीच नाही. त्याला महिना होऊन गेला.

मी सातवी शिकलेला, सांगलीकडचा. इथल्या कारखान्यात लेथ चालवायला आलो आणि या जर्मन बाईशी लग्न करून बसलो. ती पुस्तकं लिहायची. आधी चंद्र, भरती-ओहोटी, मधमाश्या. माझ्यासारख्यालाही कळावं असं. मग तिची आई गेली आणि ती आत्म्याकडे वळली. विद्यापीठातल्या लोकांनी बोलावणं बंद केलं, वाचक मात्र वाढले. नवरा भारतातला, म्हणजे घरात योगीच बसलाय, असं त्यांना वाटायचं. रेगेन्सबर्गला तिच्या व्याख्यानानंतर एका बाईने माझ्यापुढे डोकं वाकवलं आणि हात ठेवा म्हणाली. मी म्हटलं, बाई, मी बोल्ट बनवतो. उर्सुला घरी येईपर्यंत गाडीत हसत होती.

तिच्या सगळ्यात खपलेल्या पुस्तकात एक गोष्ट होती. गेलेलं माणूस पहिल्या सकाळी आपल्या आवडत्या जागी एकदा येऊन जातं; घरच्यांनी तिथे न हलता बसावं, म्हणजे ते आल्याचं कळतं. लोक बसायचे. कळलं, असं फोन करून सांगायचे. मी एकदा सरळ विचारलं, चंद्राचं मोजून लिहायचीस, हे कशाने मोजलंस?

"मोजलं नाही," ती म्हणाली. "आईसाठी मी बसले होते."

"आली?"

"नाही."

"मग लिहिलंस कशाला?"

"त्या सकाळी माणसाने करायचं तरी काय, दत्ता?"

मला ते पटलं नाही. अजून पटत नाही. खोटं ते खोटं. पण मी कुठे बोललो नाही. पुस्तक तिचं होतं.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ केलर सूप घेऊन आल्या होत्या. त्यांचा नवरा हिवाळ्यात गेला. भांडं हातात धरूनच त्यांनी विचारलं, उर्सुला आली का? मी म्हटलं, नाही. तशा त्या रडायलाच लागल्या. नवऱ्यासाठी त्याही बसल्या होत्या, पण कुत्रा दाराशी ओरडायला लागला म्हणून मध्येच उठल्या. आपण उठलो म्हणून तो माघारी गेला, हे त्यांनी इतके महिने मनात धरलं होतं. तर मग आता गप्प बसण्यात अर्थ नव्हता. उर्सुलाचं नाव जाणार असेल तर जाऊ दे.

"फ्राऊ केलर, तीही आईसाठी बसली होती. जागची हलली नाही. कुणी आलं नाही. तुमच्या उठण्याने काही झालेलं नाही."

त्या चिडतील असं वाटलं... पण त्यांनी भांडं टेबलावर ठेवलं, नाक पुसलं, आणि मंद आचेवर गरम करा, उकळू नका, एवढं सांगून खाली गेल्या.

मी दार लावून घेतलं. बेल वाजेपर्यंत तिच्या लिहायच्या खोलीत जिथे बसलो होतो, तिथेच परत जाऊन बसलो.