एक वर्षाची मुदत आणि सावंत मॅडम

आमच्या तुर्भ्याच्या ऑफिसात चहाचे कप आणि किस्से दोन्ही साचतात. कप निदान मावशी धुतात!

आम्ही न्हावा शेवा बंदरातल्या ट्रक ड्रायव्हरांसाठी वेबसाइट चालवतो. कंटेनर कुठल्या गेटवर न्यायचा, ते मोबाइलवर दिसतं. आता मोबाइल एकदा पाहिलेलं पान जवळ ठेवून देतो. किती वेळ ठेवायचं, ती मुदत आम्ही कोडमध्ये लिहितो. आमच्या टीम लीड सावंत मॅडम प्रत्येक नवख्याला विचारतात, "लोणचं आणि इडलीचं पीठ सारखंच टिकतं का रे?" लोगो म्हणजे लोणचं, वर्षभर राहू दे. गेट नंबर म्हणजे पीठ!

*

सुरुवातीला ही मुदत नीट नव्हती, जुनंच गेट दिसायचं; हिस्टरी पुसली तरच नवं. आमचे क्लायंट म्हात्रेकाका, उरणकडचे ट्रान्सपोर्टवाले. त्यांनी नियमच केला. "आमचा डायवर आदी मोबाइलची हिस्टरी पुसतो, मंगच गारी कारतो!"

एक दिवस मॅडमना एका ड्रायव्हरच्या बायकोचा फोन. "तुमीच सांगता का यांना रोज हिस्टरी पुसायला?"

"हो वहिनी, आमच्यामुळेच."

"अगं बाई! मी उगाच अबोला धरला हो!"

मॅडमनी त्याच दुपारी गेटच्या पानाची मुदत शून्य केली. हिस्टरी पुसणं थांबलं, एक संसार वाचला.

*

मग केदार आला. नवीन, प्रोबेशनवर, हुशार आणि भयंकर घाबरट. कुठलीही तक्रार आली की म्हणायचा, "माझ्या मशीनवर तर बरोबर दिसतंय!"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मग तुझं मशीन ट्रकवर चढवू या."

*

याच केदारने साइट फास्ट करायच्या उत्साहात सगळ्याच पानांना एक वर्षाची मुदत ठोकली. गेटच्या पानालासुद्धा! गेट बदललं, आणि काकांच्या गाड्या जुन्याच गेटवर रांगेत. मॅडमनी पानाचा पत्ता बदलून, ड्रायव्हरांना नवी लिंक पाठवून सगळं निस्तरलं. तेवढ्यात काका स्वतः ऑफिसात हजर.

"कोनी केला ह्या? त्याला आज घरी पाठवा, नायतं मी चाललो!"

केदारची नोकरी गेलीच, असं आम्ही धरून चाललो. तो खुर्चीमागे उभा, शर्ट घामाने ओला. बोलायला तोंड उघडलं, तर त्याच्या आधी मॅडम उठल्या.

"मी केलं, काका. टीमचं काम म्हणजे माझं काम. मला पाठवा घरी."

इतक्या ऑफिसांत काम केलं, पण असा बॉस नशिबाने मिळतो. त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, खरंच सांगतो.

काकांनी केदारकडे निरखून पाहिलं. "मॅडम, तुमी केला, तं घाम या पोराला का सुटलाय?"

"एसी बंद आहे, काका."

काकांनी वर पाहिलं. एसीचा गार झोत थेट त्यांच्या टकलावर येत होता. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि खुर्ची ओढून बसले.

"हां, बंदच हाय. चहा सांगा."